तारण पाहिजे का?

मे महिन्यात आर्वीत भर दुपारी कोणी कूलर बंद करून बसलं, तर एक तर वीज गेलेली असते, नाहीतर डोकं फिरलेलं असतं. आमच्या घरी वीज होती आणि आईचं डोकं ठिकाणावर होतं. तरी ती कूलरकडे पाठ करून, स्वयंपाकघराच्या दारात, तापलेल्या भिंतीला टेकून बसली होती. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या म्हणून मी सेलूहून सकाळच्या एसटीने आले, तर दारातूनच घराची धग अंगावर आली. मी पिशवी टाकून आधी कूलरचं बटण दाबलं. आई उठली आणि तिने ते बंद केलं.

"काऊन वं?" मी विचारलं.

"तुहे बाबा आगीत हायेत," ती म्हणाली, "अन् मी थंड्या हवेत बसू काय?"

बाबांना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. काकांनी त्यांना मोक्षधामात अग्नी दिला होता. मला आधी वाटलं, ती त्या आगीबद्दल बोलते आहे. पण ती त्या आगीबद्दल बोलत नव्हती. ती न विझणाऱ्या आगीबद्दल बोलत होती, आणि बाबा तिथे आहेत हे तिला आमच्या पास्टरने सांगितलं होतं.

मी स्वतः विश्वासी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी मला बाहेरून दगड मारणारी समजायला नको. माझा बाप्तिस्मा झालेला आहे. अजूनही रात्री झोपताना मी प्रार्थना करते. आईला प्रभू भेटला तेव्हा मी तिसरीत होते. माझ्या पाठचं बाळ पोटातच गेलं होतं, आणि सगळं गाव तिला अपशकुनी म्हणत असताना शेजारची एक बाई तिला प्रार्थनेला घेऊन गेली. तिथे बायका तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याबरोबर रडल्या. बस, एवढंच झालं होतं. माझ्या आईला स्वर्गाची लालूच नव्हती की नरकाची भीती नव्हती. आपल्याबरोबर रडणारं कोणी तरी आहे म्हणून ती गेली आणि तिथलीच झाली.

नरक नंतर आला. रविवारच्या शाळेत आम्हा पोरांना एक बाई शिकवायच्या. त्या मेणबत्ती पेटवून म्हणायच्या, "धर बोट. धरवत नाही ना? मग तिथे कायमचं कसं धरशील?" मी घरी येऊन रात्री चादरीत तोंड खुपसून रडायचे. कारण मला माझ्या बोटाची नाही, बाबांची काळजी होती. बाबांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात तिच्या बापाला जाळायचा अधिकार त्या बाईंना कोणी दिला होता, हे मला आजही कळलेलं नाही. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात नरकाचं वर्णन करायला वक्त्याला फारसे कष्ट पडत नाहीत. खिडकी उघडली की पुरे.

बाबा बाजार समितीच्या गोदामावर चौकीदार होते. दर रविवारी ते आईला स्कूटरवर बसवून आमच्या प्रार्थनेच्या हॉलवर सोडायचे आणि सभा संपेपर्यंत बाहेर कडुनिंबाखाली थांबायचे. लोकांच्या चपलांवर नजर ठेवायचे, पावसाची सर आली की त्या पडवीत ओढून घ्यायचे, नाताळला मंडपाचे खांब रोवायचे. आत कधी आले नाहीत. आत या म्हटलं की म्हणायचे, "मी आत आलो त चपला कोन पाहीन?" आमच्या घरात त्यांचे देव एका कोनाड्यात होते आणि आईचा क्रूस दुसऱ्या भिंतीवर. दोघांचं भांडण मी कधी पाहिलं नाही. आईला उपवास असला की त्या दिवशी बाबा भाकरी टाकायचे, आणि भाकरी फार वाईट व्हायच्या.

पास्टर आमच्याकडे आले ते सात-आठ वर्षांपूर्वी. तरुण, नागपुरात शिकलेले, बोलणं स्वच्छ पुस्तकी. माणूस वाईट नाही, आणि म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणूस असता तर मी त्याच्याकडे लक्षही दिलं नसतं. ते व्यासपीठावर उभे राहून चार बोटं दाखवायचे: पाप कबूल करा, पश्चात्ताप करा, प्रभूला मुखाने पत्करा, पाण्यात उतरा. चार बोटं झाली की मूठ मिटायची. या चार गोष्टी केल्या की तारण झालं, आणि नाही केल्या तर माणूस किती का चांगला असेना, उपयोग नाही. "चांगुलपणाने तारण होत नाही," हे वाक्य त्यांचं फार आवडतं. ते म्हणताना त्यांची नजर खिडकीतून कडुनिंबाकडे जायची.

एप्रिलमध्ये बाबांना लकवा मारला. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना नेलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, तोंड वाकडं झालं होतं, जीभ जड. त्यांना आपण दवाखान्यात आहोत याचा पत्ताच नव्हता. ते गोदामावर होते. डावा हात सारखा कमरेला चाचपायचा, आणि तोंडातून "चाबी, चाबी" असं काहीतरी यायचं. मी त्यांच्या हातात माझ्या घराच्या किल्ल्या दिल्या, तेव्हा कुठे ते शांत झाले.

पास्टर एवढ्या उन्हात मोटरसायकलवर आर्वीहून वर्ध्याला आले. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानले होते, आजही मानते. त्यांनी आईचं सांत्वन केलं, मग बाबांच्या उशाशी वाकले आणि ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं, "काका, तारण पाहिजे का तुम्हाला? आज, आत्ता पाहिजे का तारण?"

बाबांनी डोळे उघडले. पास्टरच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणून हलवली. त्यात शंकेला जागा नव्हती. पास्टरने पुन्हा विचारलं, बाबांनी पुन्हा तशीच मान हलवली. त्यांच्या तोंडात "ब"ने सुरू होणारा एक शब्द घोळला. आईला वाटलं, ते "बस" म्हणताहेत, पुरे करा. तिने पदर तोंडाशी धरला. पास्टर सरळ उभे राहिले, त्यांनी एक छोटी प्रार्थना केली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले.

मी परीक्षेच्या कामाला सेलूला परत गेले आणि इकडे पुढच्या रविवारी पास्टरने उपदेश केला. नाव घेतलं नाही, असं मला नंतर कळलं. "ज्यांच्या घरात एवढी वर्षं प्रकाश होता, त्यांनीसुद्धा शेवटच्या क्षणी मान फिरवली. बंधू-भगिनींनो, तुम्ही उशीर करू नका," असं म्हणाले. नाव घ्यायची गरजच नव्हती, सगळा हॉल वळून आईकडे बघत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्या माणसाने वर्षानुवर्षं त्यांच्या चपला राखल्या, त्याच्या मरणाचा यांना उदाहरण म्हणून उपयोग झाला. सभा संपल्यावर आईने त्यांना दारात गाठलं आणि विचारलं, "ते आता कुठं हायेत?" पास्टर म्हणाले, "मावशी, मी खोटं बोललो तर प्रभू मला जाब विचारेल." आणि खरं म्हणून जे होतं ते त्यांनी तिला सांगितलं.

त्या दिवसापासून आईने कूलर बंद केला. माठातलं पाणी सोडलं, टाकीतलं गरम पाणी प्यायला लागली. पन्हं नाही, ताक नाही. रडलीही नाही, कारण विश्वासी माणसाने आशा नसलेल्यांसारखं रडायचं नसतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी येऊन दोन दिवस होत नाहीत तोच तिला लू लागली. दुपारी ती दारातच आडवी झाली, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, सलाईन लावली. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "घरात कूलर नाही का? पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणू नका, वाचणार नाहीत." घरी आणलं, कूलर लावला, मी पाणी आणायला वळले तोवर तिने तो बंद केला होता.

मी समजावलं, रागावले, हात जोडले. "आई, मरशील तू."

"मेली त मेली," ती म्हणाली. "पन मले वरतं नेतीन अन् ते खालतं. तेवढंच वाटते मले."

मरणाची तिला भीती नव्हती. आपलं तारण झालंय याची तिला भीती वाटत होती. असा देवधर्म मी कुठे ऐकला नव्हता.

त्याच आठवड्यात बाबांच्या गोदामावरचे दुसरे चौकीदार भेटायला आले. बाबांची छत्री तिथे राहिली होती, ती घेऊन आले. मी त्यांना पाणी दिलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आता काम कमी असेल ना?

"काम कायचं," ते म्हणाले. "तारण बंद हाय. पन लोकं ऐकतेत काय? येतेतच. 'तारण पाह्यजे होतं, तारण पाह्यजे होतं.' मी बोलून बोलून थकतो. तुह्या बाबाचं बरं होतं बापा. तो बोलेच नाई. कोनी तारण म्हटलं का मान हलवे, बंद."

आणि त्यांनी बाबांसारखी मान हलवून दाखवली.

ज्यांना बाजार समितीचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. सोयाबीन निघतं तेव्हा भाव पडलेला असतो. शेतकरी माल विकत नाही, समितीच्या गोदामात ठेवतो, त्यावर पैसे उचलतो आणि भाव चढला की माल सोडवून नेतो. याला तारण म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी तारण घेणं बंद होतं. बाबांनी उभी नोकरी त्या दारात काढली. त्यांच्या कानाला तारण म्हणजे हेच तारण. आणि डोकं गोदामावर, हातात किल्ल्या, अशा अवस्थेत कोणीतरी खाली वाकून ओरडून विचारतो, "तारण पाहिजे का? आज, आत्ता?" पास्टर "तुम्हाला" म्हणाले खरे, पण कानात शिरला तो शब्द एकच. बाबांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. मान हलवली आणि वाकड्या तोंडाने म्हणाले, बंद. "बस" नव्हे, बंद!

मी शाळेत मराठी शिकवते. एका शब्दाचे दोन अर्थ लिहा, हा प्रश्न आम्ही पोरांना दोन गुणांना घालतो. इथे तो अनंतकाळाला घातला होता आणि तोही लकवा मारलेल्या माणसाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, आणि इथे मराठी भाषेनेच माझ्या बापाला मारलं होतं!

मी आईला सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण लगेच विझलं. "असन," ती म्हणाली. "पन पास्टरजी काय म्हनतीन?"

म्हणजे माझा बाप आगीतून बाहेर यायचा तर त्यालाही पास्टरची परवानगी हवी. ठीक आहे. मी फोन केला आणि म्हटलं, आजच्या आज या.

ते दुपारी आले, रुमालाने मान पुसत. आईने त्यांना खुर्ची दिली, आपण भिंतीशी बसली. कूलर बंदच होता. मी त्यांना गोदाम, तारण, चौकीदार, मान, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. निदान सुटल्यासारखं तरी वाटेल. ज्या माणसाला आपण नरकात गेला म्हणालो तो कदाचित गेला नसेल, ही बातमी वाईट आहे का?

ते म्हणाले, "ताई, गैरसमज झाला असेलही. मी नाकारत नाही. पण त्या एका क्षणाचा प्रश्न नाही. त्यांना इतकी वर्षं संधी होती. ते दर रविवारी दारापर्यंत येत होते आणि आत येत नव्हते."

"मग दवाखान्यात कशाला विचारलंत?" मी म्हटलं.

"शेवटची संधी म्हणून."

"आणि त्यांनी हो म्हणून मान हलवली असती तर? तेव्हा इतकी वर्षं मोजली असती का तुम्ही?"

"नाही," ते म्हणाले. निदान खोटं बोलले नाहीत. "त्या होकाराने सगळं धुऊन निघालं असतं."

"गोदामातलं तारण समजून त्यांनी हो म्हटलं असतं, तरी?"

त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. मी सोडलं नाही. मी म्हटलं, चुकून हो म्हटलं असतं तर तुम्ही रविवारी व्यासपीठावरून हालेलुया म्हणाला असता. साक्ष सांगितली असती गावोगाव, चौकीदार शेवटच्या घटकेला वाचला म्हणून. चुकीचा होकार तुम्हाला चालला असता, चुकीचा नकार तेवढा देवाने लिहून ठेवला, काय? असा देव असेल तर तो आमच्या शाळेच्या बाबूपेक्षा बरा नाही. तो निदान अर्ज दुरुस्त करू देतो.

"ताई, देवाविषयी असं बोलू नका."

"मी देवाविषयी बोलत नाही," मी म्हटलं. "तुमच्याविषयी बोलते आहे."

त्यांचा चेहरा पडला. पण माझ्याशी वाद घालायला ते आले नव्हते, आणि मुळात माणूस मायाळू. ते खुर्चीवरून उतरून आईसमोर खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. तुमचं तारण झालेलं आहे. स्वर्गात दुःख नाही, रडणं नाही. आज तुम्हाला जे वाटतंय ते तिथे राहणारच नाही. प्रभू स्वतः तुमचे अश्रू पुसेल. तुम्हाला त्यांची आठवणसुद्धा येणार नाही."

हे त्यांनी दिलाशासाठी सांगितलं, हे मला शपथेवर सांगता येईल.

आईने मान वर केली. "आठवन येनार नाई?"

"नाही मावशी."

"म्हंजे त्याइचं तोंड?"

"जुनं काहीच राहणार नाही. सगळं नवं होईल."

आईने माझ्याकडे बोट केलं. "अन् हे पोरगी आली तिथं, त हिचा बाप कोन, तेबी मले माहीत नाई राहीन?"

पास्टर पुन्हा रुमालाने मान पुसायला लागले. चार बोटांत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"मंग तिथं जाईन ते मी नाई, पास्टरजी," आई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "ते दुसरीच कोनी बाई असन. जाऊ द्या तिले. मले काय तिचं?"

"मावशी, तसं नाही."

"थांबा. मले बोलू द्या. माहं लेकरू पोटात मेलं तवा मी आली तुमच्या इथं. तुमी नोयते तवा. तवा मले कोनी म्हनलं नाई का विसर. प्रभू तुह्यासंग रडते म्हनलं. मी आजवर त्याच्याशी बोलून राह्यली, रोज. त्याले माह्या घरातलं सारं ठावं हाय. याइच्या भाकरी कशा होयेत, तेबी ठावं हाय. तो मले म्हनन काय, तुहा नवरा जळून राह्यला, तू विसर अन् गानं म्हन? नाई म्हनन. तो असा नाई. तुमी कोनाचं सांगून राह्यले, मले माहीत नाई, पन तो असा नाई."

ती भिंतीला हात देऊन उठली. मला वाटलं, ती आत जाईल. पण ती कूलरपाशी गेली, तिने बटण दाबलं आणि समोरच जमिनीवर मांडी घालून बसली. पाणी चढायला थोडा वेळ लागतो, तोवर गरमच हवा येते. मग वाळ्याचा ओला वास आला, तिच्या कपाळावरचे केस उडायला लागले आणि ती रडली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा रडली. बाबांच्या नावाने, मोठ्याने, गावातल्या बायका रडतात तशी, छाती पिटून, आशा नसलेल्या लोकांसारखी. कूलरच्या खडखडाटावरून तिचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला. समोरच्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं.

पास्टर गडबडून उठले. त्यांनी रुमाल खिशात घातला, डोळे मिटले आणि हात पुढे केला. "आपण प्रार्थना करू या," ते म्हणाले.

"प्रार्थना नंतर," मी म्हटलं. "आधी ऐका."